घंटा वाजली, पण कुणाच्या कानात? बॅटरीवरच्या पहाऱ्याचा इतिहास, रत्नागिरी मार्गे

नेहमीप्रमाणे आधी सांगतो, की हे भागाचं शब्दांकन आहे. बोलताना जे अडखळलो, जे दोनदा बोललो, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला? बॅटरी. त्यातही गाडीची नाही, मोबाईलची नाही. लाईट गेल्यावर मागच्या दाराने वीज पुरवणारी, कोपऱ्यात धूळ खात पडलेली बॅटरी. आणि ती संपत आली, बिघडली, तापली तर कुणाला, कसं, कधी कळवायचं याची व्यवस्था. संगणकवाले त्याला अलर्ट लावणं म्हणतात. पण ही व्यवस्था संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. तिचा इतिहास पाहायला रत्नागिरी जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण मिरग लागला की इथे बॅटरीची परीक्षा रोजच असते.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

२०११ सालचा जून. रत्नागिरीत एका संस्थेत मी संगणकांची देखभाल बघायचो. संस्थेचं नाव सांगत नाही, दोष एकट्या तिचा नव्हता, माझाही होता. एका छोट्या खोलीत सर्व्हर, त्याच्या खाली यूपीएस. परीक्षेचे फॉर्म भरून घेण्याचे दिवस. रात्री पाऊस कोसळला, लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटंसुद्धा दम धरला नाही. सकाळी पाहतो तर डेटाबेस बिघडलेला. दोन दिवसांचे फॉर्म गेले. मुलांना परत बोलवावं लागलं. त्यातली काही संगमेश्वराच्या आतल्या गावांतून, दोन एसट्या बदलून, भिजत आली. एक मुलगी काहीच बोलली नाही, नुसती ओली पिशवी उघडून कागद परत काढायला लागली. ते अजून आठवतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की यूपीएस बिचारा चार महिने सांगत होता. बॅटरी बदला, बॅटरी बदला. रोज एक ईमेल. तो जात होता यूपीएस बसवला तेव्हा जे लिपिक होते त्यांच्या पत्त्यावर, आणि ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शिवाय त्या रात्री शेवटचा संदेश निघालाच नाही, कारण इंटरनेटचा राउटर यूपीएसला जोडलेलाच नव्हता. लाईटबरोबर तोही गेला. म्हणजे निरोप तयार होता, निरोप्या आधीच मेला होता.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता मागे जाऊया.

तारखातं आणि काचेच्या बरण्या

आपल्याकडे बॅटरी मोठ्या प्रमाणावर आली ती दिव्यासाठी नाही, निरोपासाठी. विल्यम ओशॉनेसी यांनी १८५०-५१ च्या सुमारास कलकत्त्याहून डायमंड हार्बरकडे तार टाकली, आणि १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्या काळात वीज केंद्रं नव्हती. तार चालायची ती सेलवर. डॅनियल सेल १८३६ चा. त्याचाच एक भाऊ मिनोटो सेल, तो हिंदुस्थानच्या तारखात्यात वापरला जायचा. काचेची बरणी, तळाला तांब्याची चकती, त्यावर मोरचूद, मग ओला भुसा, वर जस्ताची चकती. एका सेलचा दाब जेमतेम एक व्होल्ट. म्हणून अशा बरण्यांच्या रांगाच्या रांगा.

यावर पहारा कसा? माणसाचा. मोरचुदाचा निळा रंग फिका पडला का, जस्त किती झिजलं, पाणी किती उरलं, हे डोळ्यांनी बघायचं. सुईच्या गॅल्व्हनोमीटरने तपासायचं. इथे अलर्ट म्हणजे बॅटरीसमोर उभा असलेला माणूस. बॅटरी आणि डोळा यांच्यात अंतर हातभर. आजच्या गोष्टीचं मूळ सूत्र हेच आहे. पुढच्या दीडशे वर्षांत हे अंतर वाढत गेलं.

हायड्रोमीटर आणि नोंदवही

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. कामिय फोर यांनी १८८१ मध्ये तिच्या पट्ट्या सुधारल्या, आणि ती कारखान्यात करता येऊ लागली. आपल्या इन्व्हर्टरखाली असते ती याच घराण्यातली.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढे जगभरच्या एक्स्चेंजांनी एक पद्धत धरली. फोनला लागणारी वीज ग्राहकाच्या घरून नाही, एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून जायची. दोन व्होल्टचे चोवीस सेल, एकूण अठ्ठेचाळीस व्होल्ट. म्हणून तर पूर्वी गावात काळोख असला तरी फोन चालायचा. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवेल, लाईट गेली की वायरमनला कळवायला आपण लँडलाईनच उचलायचो.

एक्स्चेंजची बॅटरी खोली हे एक वेगळंच जग. आंबूस वास, घशाला लागणारा. खिडकीत पंखा. रांगेतल्या एका सेलला पायलट सेल म्हणायचं, म्हणजे सगळ्यांचा प्रतिनिधी. रोज त्याच्यात हायड्रोमीटर बुडवायचा, आम्लाची घनता बघायची, तापमान बघायचं, वहीत लिहायचं. ऊर्ध्वपातित पाणी कमी झालं तर घालायचं. त्या वहीत एक शहाणपण होतं. आजचा आकडा एकटा काही सांगत नाही. पण तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले की उतार दिसतो. आज संगणकाच्या पडद्यावर आपण आलेख काढतो, तो आलेख त्या वहीत उभा होता, फक्त जोडरेषा मारायची बाकी होती.

१९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज लागलं, वातानुकूलनाशिवाय, धुळीत, उकाड्यात चालणारं. खेडोपाडी एक्स्चेंज गेलं, पण प्रत्येक ठिकाणी हायड्रोमीटर घेऊन उभा राहणारा माणूस देणं शक्य नव्हतं. माणूस मागे सरला. त्याच्या जागी दिवा आला, घंटा आली.

पोफळी, १९६७

मध्येच एक वळण घेतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

कोयनेचं धरण सातारा जिल्ह्यात, पण त्याची वीज तयार होते सह्याद्रीच्या या बाजूला, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगरचा भूकंप. माणसं गेली, घरं गेली, आणि कोयनेच्या विजेवर चालणारी मुंबईही अंधारली.

वीजगृहात विजेचा काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण वीजगृहाच्याही पोटात बॅटरी असते. कारण वीज ज्या क्षणी कोसळते, नेमका त्याच क्षणी सर्किट ब्रेकर उघडायचे असतात, संरक्षणाच्या रिलेंनी काम करायचं असतं, काळोखात निदान एक दिवा लागायचा असतो. ते काम जी यंत्रणा पडली तिच्याच विजेवर ठेवून कसं चालेल? म्हणून जगातल्या कुठल्याही वीजगृहात आणि सबस्टेशनात डीसी बॅटरीची खोली वेगळी असते, तिच्यावर कमी दाबाचा इशारा असतो, आणि तो इशारा स्वतः मुख्य विजेवर अवलंबून नसतो. हे तत्त्व माझ्या त्या संस्थेच्या राउटरला कुणी सांगितलं असतं तर!

स्टेशन मास्तरच्या खोलीतले पाच दिवे

आता मुख्य मुद्द्याकडे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. रत्नागिरीजवळ करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल. बराचसा मार्ग एकेरी, वळणं, डोंगर कापून काढलेल्या घळी, आणि वर कोकणचा पाऊस.

गाडी डिझेलवर धावायची, पण सिग्नल विजेवर. विद्युतीकरण पूर्ण झालं २०२२ मध्ये. तोवर इथल्या स्टेशनांची वीज यायची ती आपल्या घरी येते त्याच स्थानिक तारांमधून. म्हणजे आंब्याची फांदी पडली की तुमच्या घरातही काळोख आणि स्टेशनातही. मग सिग्नल कशावर? बॅटरीवर.

भारतीय रेल्वेत सिग्नलसाठी एकात्मिक वीजपुरवठा म्हणून यंत्रणा आहे, आयपीएस म्हणतात तिला. दोन व्होल्टचे पंचावन्न सेल, एकशे दहा व्होल्ट. आणि स्टेशन मास्तरच्या खोलीत एक छोटी पाटी. त्या पाटीवरचे दिवे नीट ऐका.

बॅटरी निम्मी उपसली गेली की पहिला लाल दिवा आणि आवाज. त्यावर लिहिलेलं असतं, जनरेटर सुरू करा. साठ टक्के उपसली की दुसरा, तातडीने जनरेटर सुरू करा. सत्तर टक्क्यांना तिसरा, यंत्रणा बंद. इथे सिग्नलचे दिवे मालवतात, आणि उरलेली शक्ती आतल्या अत्यावश्यक उपकरणांसाठी राखली जाते. चौथा दिवा बिघाडाचा, सिग्नल खात्याच्या माणसाला बोलवा. आणि पाचवा हिरवा, जनरेटर बंद करा.

या पाटीत मला जे दिसलं ते पुस्तकात मिळालं नव्हतं. ही पाटी मास्तरांना आकडा सांगत नाही, काम सांगते. पन्नास टक्के असं लिहिलं असतं तर रात्री अडीच वाजता झोपेला आलेल्या माणसाने त्याचं काय करायचं? तो म्हणाला असता, अजून निम्मी आहे की. जनरेटर सुरू करा म्हटल्यावर विचाराला जागा नाही. वाक्यात क्रियापद आहे, आणि ते काम कुणी करायचं हेही ठरलेलं आहे, ज्याच्या खोलीत पाटी आहे त्याने. शिवाय पहिल्या इशाऱ्यापासून सिग्नल विझेपर्यंत मध्ये वेळ राखून ठेवलाय. जनरेटर पहिल्या दमात सुरू होणार नाही, हे पाटी करणाऱ्याने गृहीत धरलंय.

आणि सगळं चुकलंच तर? विझलेला सिग्नल चालकाने लाल समजायचा, हा रेल्वेचा नियम. गाडी थांबते, मग लेखी परवान्याने पुढे सरकते. उशीर होतो, शिव्या बसतात, पण माणसं जिवंत राहतात. अपयश आलं तरी ते सुरक्षित बाजूला झुकेल अशी रचना.

निरोप दूर गेला

पुढचा टप्पा संगणकाच्या जाळ्याचा. १९८८ च्या सुमारास एसएनएमपी नावाची पद्धत आली, जाळ्यावरच्या यंत्रांना दुरून विचारण्याची, बाबा कसा आहेस? आणि मे १९९४ मध्ये यूपीएससाठी त्या प्रश्नोत्तरांचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे यूपीएस एकाच भाषेत उत्तर देऊ शकले. किती सेकंद बॅटरीवर आहेस, किती मिनिटं उरली, किती टक्के चार्ज.

त्या मसुद्यात बॅटरीच्या चार अवस्था आहेत. ठीक, कमी, संपली, आणि यादीत या तिघींच्याही आधी, एक क्रमांकावर, माहीत नाही. मला हे फार आवडतं. करणाऱ्यांनी मान्य केलं होतं की माहीत नसणं हीसुद्धा एक अवस्था आहे, आणि ती ठीक या अवस्थेपेक्षा वेगळी आहे. आपण मात्र उलट करतो. चार महिने काही निरोप आला नाही, म्हणजे सगळं बरं चाललंय, असं समजतो.

या मसुद्यामुळे डोळा बॅटरीपासून शेकडो किलोमीटर दूर गेला. मोबाईल टॉवर बघा. दापोलीच्या डोंगरावरच्या टॉवरची लाईट गेली, बॅटरी उतरली, तर घंटा वाजते दूर कुठल्यातरी शहरातल्या नियंत्रण कक्षात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड, दापोलीत खांब आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. बॅटऱ्या उतरल्या, टॉवर मुके झाले, मुंबईतल्या चाकरमान्यांना गावचे आईवडील कसे आहेत ते कळेना. इशारा पोचला तरी झाडं पडलेल्या रस्त्याने डिझेल कोण नेणार? मग १६ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं.

आणि २२ जुलै २०२१. चिपळूण. वाशिष्ठी शहरात शिरली, पहिले मजले बुडाले. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली, आणि तिथल्या आठ रुग्णांच्या मृत्यूची बातमी साऱ्या देशाने वाचली. नेमक्या कारणांवर तेव्हा बोललं गेलं, वादही झाले. त्यात मी शिरत नाही. मला एवढंच म्हणायचंय की वीज, जनरेटर, बॅटरी या तीन वेगवेगळ्या तटबंद्या आहेत असं आपण मानतो. पण तिन्ही तळमजल्यावर असतील तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच तटबंदी आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात त्सुनामीचं पाणी शिरलं. जनरेटर गेले, पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या बॅटऱ्याही गेल्या. त्याबरोबर मोजमापाची उपकरणं बंद. भट्टीत पाणी किती आहे हेच कळेना. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून काटे वाचले. जगातल्या सगळ्यात काटेकोर यंत्रणेत शेवटी पहारा परत तारखात्याच्या काळात गेला. बॅटरी हातात, डोळा काट्यावर.

मग आपण काय करायचं?

दवाखाना असो, पतसंस्था असो, शाळेची संगणक खोली असो, की आंब्याचं शीतगृह. इतिहासाने जे शिकवलं ते आता तुमच्या यूपीएसला लावू.

एक, इशाऱ्यात क्रियापद घाला. बॅटरी चाळीस टक्के असं नको. दहा मिनिटं उरली, सर्व्हर बंद करा, असं हवं. सर्व्हर व्यवस्थित बंद व्हायला पाच मिनिटं लागत असतील तर इशारा दहा मिनिटं आधी. दुप्पट धरा. जमल्यास ते काम यंत्रालाच करू द्या, आणि माणसाला केलं म्हणून कळवा.

दोन, लाईट गेल्या गेल्या लगेच निरोप पाठवू नका. कोकणात पावसाळ्यात लाईट दिवसात वीसदा डोळे मिचकावते. वीस निरोप आले की एकविसावा कुणी वाचत नाही. मिनिटभर थांबून मग कळवा.

तीन, नुसत्या व्होल्टेजवर विश्वास नको. सतत चार्जिंगवर असलेली बारा व्होल्टची बॅटरी आतून मेलेली असली तरी साडेतेरा व्होल्ट दाखवते. तो दाब चार्जरचा असतो, तिचा नव्हे. खरं कळतं ते भार टाकल्यावर. यूपीएसची स्वयंचाचणी महिन्यातून एकदा लावा, आणि ती नापास झाली तर त्याचा वेगळा इशारा ठेवा. पायलट सेलची वही आठवा. चाचणीत मिळालेली मिनिटं दर महिन्याला लिहून ठेवा.

चार, तापमान बघा. सीलबंद बॅटरीचं आयुष्य कंपनी सांगते ते पंचवीस-सत्तावीस अंशांना धरून. साधारण नियम असा, की दर आठ ते दहा अंशांमागे ते निम्मं होतं. बंद खोलीत, पत्र्याखाली, मे महिन्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. वर खारी हवा, टर्मिनलवर चढणारा हिरवट-पांढरा गंज. डोळ्याने बघण्याला अजूनही पर्याय नाही.

पाच, शांततेचा इशारा लावा. पंधरा मिनिटं यूपीएसकडून काहीच उत्तर नाही, तर ते माहीत नाही समजा आणि घंटा वाजवा. पण ही घंटा वाजवणारा त्या इमारतीबाहेर हवा. मेलेला माणूस मी मेलो म्हणून सांगायला येत नाही.

सहा, निरोप्यालाही जगवा. राउटर, स्विच, फायबरचा डबा, सगळं त्याच यूपीएसवर. आणि दुसरी वाट ठेवा, सिम कार्डवरून एसएमएस. टॉवरही जाईल हे धरून जागेवर एक साधा भोंगाही ठेवा, रखवालदाराला ऐकू जाईल असा. त्याच्या शेजारी भिंतीवर मराठीत लिहा, भोंगा वाजला तर काय करायचं.

सात, निरोप एका माणसाच्या नावावर नको, पदाच्या नावावर हवा, आणि दोघांना हवा. कुणी निवृत्त झालं, बदली झाली, की चाव्या आणि शिक्का घेतो तसा हा इशाराही दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे कार्यालयाच्या यादीत लिहून ठेवा.

आणि आठ, हे सगळं मिरगाच्या आधी. आपण कौलं चाळतो, लाकूडफाटा आत घेतो, पागोळ्यांचं पाणी कुठे जाईल ते बघतो. त्याच दिवसांत एकदा यूपीएसचा प्लग स्वतःच्या हाताने उपटा, हातात घड्याळ घेऊन उभे राहा, आणि फोन वाजतो का बघा. बॅटरी जमिनीवर असेल तर उचलून वर ठेवा. चिपळूणकरांना हे सांगावं लागत नाही.

मंडळी, १५ जुलै २०१३ पर्यंत आपली तार पूर्ण बंद झाली. ज्या सेवेने बॅटरी या देशात आणली ती गेली, बॅटरी राहिली. बरणीचा डबा झाला, भुशाच्या जागी जेल आलं, आता लिथियम येतंय. प्रश्न मात्र पहिल्या दिवशी होता तोच आहे. ती थकलीय हे कुणाला कळणार, आणि कळल्यावर तो काय करणार?

त्या संस्थेत मी नंतर एक छोटी पाटी लावली. भोंगा वाजला तर हा फोन करा, तो लागला नाही तर तो, दोन्ही नाही लागले तर हे लाल बटण दाबून सर्व्हर बंद करा. रात्रीच्या रखवालदारकाकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "एवढंच होय? मग हे आधी कधी सांगितलं नाही ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या भागात भेटू. तोवर प्लग उपटून बघा.